‘मॅडम, झालं!’

२०२२ सालच्या पावसाळ्यात माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य हेच. पहिलीच्या सहा पोरांना घेऊन मी खिडकीखाली बसायचे. ‘मामा’ आणि ‘काका’ म्हणताना तोंड सारखंच कुठे उघडतं, असं काहीतरी चाललेलं असायचं आणि पाठीमागून हाक यायची. दुसरीतल्या कुणाचंतरी झालेलं असायचं. एकाचं झालं की दुसऱ्याचं, दुसऱ्याचं झालं की तिसऱ्याची पेन्सिल तुटायची. मी उठायचे, वह्या बघायचे, नवीन शब्द फळ्यावर लिहायचे आणि परत खिडकीखाली येईपर्यंत पहिलीची सहाही पोरं खिडकीबाहेरच्या शेळ्या मोजत असायची.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या एका लहान गावातली. चार वर्ग, चाळीसच्या आसपास मुलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, तसे आम्ही दोघं. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. त्या वर्षी दुसरीत आलेल्या मुलांची पहिली कोरोनामुळे बरीचशी घरातच गेली होती. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ला उघडल्या, जानेवारीत पुन्हा मध्ये खंड पडला. म्हणजे दुसरीच्या पुस्तकासमोर बसलेली ही मुलं मनाने अजून पहिलीतच होती. काहींना अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. दोघींना घडाघडा वाचता येत होतं. एक मुलगा स्वतःचं नाव सोडून काहीच लिहीत नव्हता. २०२१मध्ये ‘निपुण भारत’ हे सरकारी अभियान आलेलं होतं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचलं पाहिजे हे उद्दिष्ट प्रत्येक बैठकीत ऐकत होतो. ते मला मान्यच होतं. अडचण एवढीच, की पहिलीच्या सहा मुलांसोबत सलग वीस मिनिटं बसायला मिळाल्याशिवाय त्यातलं काही होणार नव्हतं.

तोपर्यंत दुसरीला मी काय देत होते? ‘प्रत्येक शब्द पाच वेळा लिहा.’ एके दिवशी एका मुलीच्या मागे उभी राहून बघितलं. शब्द होता ‘कमळ’. तिने आधी पाच ओळींत खालीखाली पाच क काढले. मग वर येऊन पाच म. मग पाच ळ. शेवटी पाचांच्या डोक्यावर एकेक रेघ मारली. अक्षर सुरेख. ‘काय लिहिलंस?’ विचारलं तर माझ्याकडे बघत राहिली. पाच वेळा लिहूनही ‘कमळ’ हा शब्द तिच्या डोक्यातून एकदाही गेला नव्हता. तिची चूक म्हणायची तर कशी? काम लवकर संपवायचा तो उत्तम मार्ग होता आणि मीसुद्धा काम लवकर संपू नये म्हणूनच दिलेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पेटले. डी.एड.ला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि मॉन्टेसरी यांच्यावर टिपा लिहिल्या होत्या, ‘स्वयंशिक्षण’ हा शब्द अधोरेखित करून. आता खरंच करायचं ठरवलं. सहा डबे तयार केले. एकात चित्र-शब्द जोड्या, एकात अक्षरांचे पत्ते, एकात यमक शब्द, एकात जोडाक्षरं, आणखी दोनात काय होतं ते आता आठवतही नाही. तालुक्याला जाऊन सगळे पत्ते लॅमिनेट करून आणले. पैसे घरचे. प्रत्येक डब्यावर छान रंगीत सूचना लिहिली : ‘चित्र पाहा. योग्य शब्द शोधा. जोडी लावा.’

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी सहाही डबे एकदम उघडले. त्या दिवसाचं वर्णन लांबवत नाही. लॅमिनेट केलेले पत्ते फरशीवर झक्कास घसरतात हा शोध दहा मिनिटांत लागला आणि घसरगुंडीची स्पर्धा सुरू झाली. दोन डब्यांतले पत्ते एकमेकांत मिसळले. ‘हाऊ मन्हा डबा शे’ यावरून एकाने दुसऱ्याच्या हाताला चावा घेतला. डब्यावरची सूचना तर कुणी वाचलीच नाही, आणि वाचणार कसं? ज्याला वाचता येत नाही त्याने वाचायला शिकण्यासाठी आधी सूचना वाचावी, हे माझं नियोजन होतं. सर दारातून डोकावले. ‘मॅडम, बाजार आहे का आज?’ म्हणाले आणि गेले.

आठवडाभर डबे कपाटावर पडून होते. मग एकच खाली काढला.

त्या एका डब्यावर आम्ही दोन आठवडे घालवले. आधी गोलात बसून मी एकटीने करून दाखवलं, तोंडाने मोठ्याने बोलत : ‘मी चटई अंथरते. डबा चटईवर ठेवते. डब्याचं झाकण खाली उलटं ठेवते. आता सगळी अक्षरं सरळ करते.’ मुलांना ही गंमत वाटली, मॅडम एकट्याच बडबडतायत. मग दोघांनी केलं आणि बाकीच्यांनी बघितलं. मग सगळ्यांनी एकाच वेळी तेच. नुसतं डबा काढणं आणि जागेवर ठेवणं याचाच सराव तीन दिवस. एक झाकण कमी भरलं तर ते सापडेपर्यंत खिचडीला उठायचं नाही, हा नियम मुलांनीच काढला. माझ्यापेक्षा ते कडक.

झाकण म्हणजे बाटलीचं झाकण. लॅमिनेटचा नाद मी सोडला होता. लग्नसराईनंतर गावात पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं पोत्याने मिळतात. त्यावर मार्करने अक्षर लिहायचं, खाली टेकायच्या बाजूकडे एक ठिपका, म्हणजे झाकण उलटं धरलं तर कळतं. शब्दांच्या पत्त्यांसाठी लग्नपत्रिका. जाड असतात आणि मागची बाजू कोरी असते. कुणाच्या लग्नाची कोणती पत्रिका यावर थोडा वेळ चर्चा होते, ती मी होऊ देते.

आणखी एक नियम : मी खिडकीखाली बसले की अडलं तर आधी तिघांना विचारायचं, मग मला. पहिल्या आठवड्यात तिघांना धावत विचारून, त्यांचं उत्तर न ऐकताच, माझ्याकडे येत होते. मी ओढणी खांद्यावरून घेऊन डोक्यावर टाकायला लागले. ओढणी डोक्यावर असेपर्यंत मॅडम नाहीत. हे मात्र चाललं.

झाकणांवर पहिला अडथळा आला तो वेलांटीचा. अक्षरांची झाकणं वेगळी आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा यांची वेगळी केली होती. ‘दिवा’ हा शब्द लावायचा होता. त्या कमळवाल्या मुलीने ठेवलं : द, त्याच्या पुढे वेलांटी, मग व, मग काना. मी म्हटलं, ‘वेलांटी आधी येते ना?’ ती म्हणाली, ‘मी बोलते तसं ठेवलं.’ आणि स्वतः म्हणून दाखवलं, एकेका झाकणावर बोट ठेवून : ‘द्... इ... वा.’

इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे असं समोर मांडून कुणी दाखवलं नव्हतं. तिचं बरोबर होतं. कानात आधी द येतो, मग इ. कागदावर वेलांटी आधी उभी राहते. आपल्या लिपीत स्वराचं चिन्ह अक्षराच्या पुढे, मागे, वर, खाली कुठेही बसतं आणि ऐकू मात्र नेहमी नंतरच येतं. मोठ्यांना याची इतकी सवय असते की त्यात काही अवघड आहे हेच विसरायला होतं. सुट्ट्या झाकणांच्या रांगेत तर ही अडचण जास्तच उघडी पडते, कारण रांगेला फक्त आधी आणि नंतर कळतं. वर-खाली कळतच नाही.

मग झाकणं अक्षरांपुरती ठेवली आणि चिन्हांसाठी पारदर्शक प्लास्टिक घेतलं. शर्टाच्या खोक्याचं झाकण असतं ना, तसलं. त्याचे चौकोन कापले आणि प्रत्येकावर एकेक चिन्ह अशा जागी काढलं, की चौकोन अक्षराच्या झाकणावर ठेवला की चिन्ह आपोआप आपल्या जागी येईल. आता द घ्यायचा, म्हणायचा, मग वरून वेलांटीचा चौकोन टाकायचा : दि. बोलण्याचा क्रमही राहिला आणि लिहिण्याची जागाही. एकच क आणि वरून चौकोन बदलत जायचे : का, कि, की, कु, कू. बाराखडी घोकताना जी मुलं गाण्यासारखी वाहून जायची, ती आता थांबून बघायला लागली. ज्याला फक्त स्वतःचं नाव लिहिता येत होतं, त्या मुलाने नावातल्या पहिल्या अक्षरावर एकामागून एक सगळे चौकोन ठेवून बघितले आणि स्वतःच्या नावाची चिरफाड होताना बघून एकटाच हसत बसला. हे सगळं ओढणी डोक्यावर असताना. मी फक्त तिरक्या नजरेने बघत होते.

र ने मात्र दगा दिला. उकाराचा चौकोन र वर ठेवला की उकार खाली लोंबतो, पुस्तकातला रु तसा नसतो. ‘र चा उकार कमरेला असतो’ हे वाक्य त्या दिवसापासून वर्गात रूढ झालं. पुढे जोडाक्षरांच्या वेळी र चे बाकीचे अवतार आले. सूर्याच्या डोक्यावर बसलेला, चक्रात पायाशी तिरका पडलेला, ट्रकच्या खाली टोपी घातलेला, ‘दुसऱ्या’त अर्ध्या चंद्रासारखा. त्या चार रकान्यांत शब्द लावायचा डबा सगळ्यांचा आवडता झाला. ‘ट्रक’च्या रकान्यात दोन-तीनच शब्द होते, म्हणून तो रकाना भरायला आठवडाभर झटापट चालली होती. ट्रॅक्टर, ट्रॉली, ड्रम. शेतीच्या गावात हा रकाना रिकामा राहणार नव्हताच.

यमकांचा डबा मी बंद केला. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. घर-सर-कर करून मुलं दोन मिनिटांत मोकळी व्हायची आणि पुन्हा ‘मॅडम, झालं!’

चित्र-शब्दांच्या खेळात आमच्या भागाची खरी गोष्ट बाहेर आली. घरची भाषा अहिराणी. अहिराणीत ळ चा बऱ्याचदा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, जळगावसुद्धा जयगाव. चित्राखाली शब्द लावायला दिला की झाकणं यायची : ड ला काना-मात्रा, य ला काना. डोया. मी आधी ते झाकण उचलून ळ ठेवायचे. मूल काही बोलायचं नाही, पण पुढच्या चित्राकडे हात जरा उशिरा जायचा. माझं माहेर नाशिकचं, अहिराणी मला सासरी आल्यावर कानावर पडलेली. पण एवढं मला कळत होतं की त्याने ऐकलं ते अचूक लिहिलं आहे. मग त्या डब्यात दोन तक्ते ठेवले. एकावर घर काढलं, दुसऱ्यावर पुस्तक. चित्र मध्ये, घराच्या बाजूला घरचा शब्द, पुस्तकाच्या बाजूला पुस्तकातला. दोन्ही लावायचे. काही चित्रांना दोन्हीकडे एकच शब्द यायचा, तेव्हा मुलं टाळ्या द्यायची, कुणाची सोयरीक जमल्यासारखी.

तपासायचं कसं, हा प्रश्न होताच. पत्त्याच्या मागे उत्तर लिहिलं तर आधी मागे बघून मग पुढे लावायचे. मी रागावले. नंतर लक्षात आलं की जो सगळ्यात जास्त मागे बघत होता, तोच महिनाभरात वाचायला लागला. नक्कल करायला तरी मागचा शब्द वाचावाच लागत होता. तरी उत्तरं वेगळी काढून दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत ठेवली. तिथपर्यंत उठून जावं लागतं, शब्द डोक्यात धरून परत यावं लागतं. वाटेत बरेच जण पुटपुटत येतात. त्या पुटपुटण्याचा मला जितका आनंद होतो तितका पाठांतराचा कधी झाला नाही.

जानेवारीत वरिष्ठांची भेट झाली. मुलं फरशीवर पोटावर पालथी पडून झाकणं लावत होती, आवाज चालू होता आणि मी डोक्यावर ओढणी घेऊन खिडकीखाली. ‘यांच्या वह्यांत काय आहे?’ त्यांनी विचारलं. वह्यांत फार काही नव्हतं. झाकणं डब्यात गेली की काम दिसत नाही. मला वाईट वाटलं, रात्री घरी चिडचिडही केली. पण त्यांच्या प्रश्नातलं अर्धं खरं होतं. मलासुद्धा कुणाचं काय चाललंय ते आठवणीवरच ठेवावं लागत होतं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला एक लहान शब्दवही केली, जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून. डबा भरण्याआधी आपण लावलेल्यांपैकी चार शब्द त्यात लिहायचे. पाच वेळा नाही, एकदाच. आणि त्यातला एक असा, जो आपल्याला अवघड गेला. कोणता अवघड गेला ते ठरवण्यात त्यांचा वेळ जातो. संध्याकाळी त्या वह्या चाळताना मला उद्या कुणाला खिडकीखाली बोलवायचं ते कळतं.

त्यात एक मजाही झाली. ‘घरून शब्द आणा’ म्हटलं होतं, पाकिटांवरचे, एसटीच्या पाटीवरचे, पत्रिकेवरचे. एकाने गुटख्याची रिकामी पुडी आणली आणि शब्दवहीत ‘तंबाखू’ लिहून त्याखाली रेघ मारली : अवघड गेला. राज्यात गुटख्याला २०१२ सालीच बंदी आलेली आहे, हे त्याला सांगावं की न सांगावं या विचारात मी पडले. सांगितलं नाही. पुडी मात्र ठेवून घेतली.

फेब्रुवारीत दुसरीसाठी जोड्यांचा डबा केला. फूल, फुलाला. दूध, दुधात. पीठ, पिठात. चूल, चुलीवर. जीभ, जिभेवर. बहीण, बहिणीला. ऊस, उसात. चोवीस पत्त्यांच्या बारा जोड्या. सूचना काहीच दिली नाही, फक्त ‘जोड्या लावा आणि काही दिसतं का बघा.’ तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी ज्याच्या घरी शेळ्या आहेत तो मुलगा माझ्या ओढणीची पर्वा न करता आला. ‘मॅडम, शेपूट लागली की तो बारीक होतो.’

म्हणजे? त्याने पत्ते आणून दाखवले. ‘फूल’मध्ये दुसरा उकार. ‘ला’ची शेपूट लागली, ‘फुलाला’, की पहिला. ‘पीठ’मध्ये दुसरी वेलांटी, ‘पिठात’ झालं की पहिली. मराठीच्या शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा ठरले, १९७२मध्ये आणखी चार आले. त्या अठरांतलं हे मी डी.एड.च्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि नंतर वह्या तपासताना लाल शाईने वापरत आले होते. मला ते शेपटीसारखं कधी दिसलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस दुसरी शिकारीला निघाल्यासारखी पुस्तकात शेपट्या शोधत होती. वीट, विटेवर. सून, सुनेला. तूप, तुपात. आणि मग त्या कमळवाल्या मुलीने दोन शब्द आणून माझ्यासमोर ठेवले : गुण आणि शरीर. ‘गुण’ला शेपूट नाही तरी तो आधीपासूनच बारीक. ‘शरीरात’ला शेपूट आहे तरी बारीक होत नाही. ‘चुकून छापलंय का?’

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं रूप सोडत नाहीत, हे सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी म्हटलं, ‘हे पाहुणे आहेत. पाहुण्यांना आपण आपल्या घरचे नियम लावत नाही.’ हे तिला लगेच पटलं. एक रिकामा डबा घेऊन तिने त्यावर ‘पाव्हने’ लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही. डबा भरत गेला. विष, सुख, शरीर, गुण. टेबल पाहुणा आहे का, यावर वाद झाला. ट्रॅक्टर पाहुणा आहे का, यावर त्याहून मोठा. टेबलाला शेपूट लावून बघितली, तर आत ना वेलांटी ना उकार. मग काय ठरवणार?

मार्चमध्ये एके दुपारी डबा बघितला तर त्यात ‘डोळा’ आणि ‘डोया’ दोन्ही पत्ते होते. कुणी टाकले माहीत नाही. शेळ्यांवाल्याने ‘डोया’ बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, ‘हाऊ पाव्हना नही शे, घरना शे.’

‘मग डोळा?’ कमळवालीने विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. ओढणी डोक्यावर होती. पहिलीतला एक जण माझ्या मांडीवर पुस्तक ठेवून ‘मा... मी’ असं बोट फिरवत होता. मी मान फिरवली नाही. मागे वाद सुरू झाला, झाकणं खडखडली, कुणीतरी दाराजवळच्या पिशवीपर्यंत जाऊन आलं.